निळ्या भिंतीला नाही म्हटलंय
पणजी, शनिवार

प्रिय शमे,

तू म्हणशील, काम अडलं की आठवण येते. हो, अडलंय. गुडघा ठीक, आईचं बीपी गोळीवर, बाकी सगळे बरे. आता मुद्दा.

एका मासिकाला माझ्याकडून ब्रायडल एडिटोरियल हवंय, म्हणजे नवरीच्या साजाची फोटोमालिका. लग्न नाही, नवरा नाही, नुसती नवरी आणि आठ पानं रंग. मला वाटलं, देवाने ऐकलं. मग मूडबोर्ड आला. पहिला फोटो फोंतेन्हासमधली, म्हणजे पणजीच्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वाड्यातली, निळी भिंत. दुसरा तीच भिंत, जरा डावीकडून. समोर फिकट गुलाबी लेहंगा, हातात ख्रिस्ती नवरीच्या बांगड्या, म्हणजे चुडो, त्यालाच लटकणारे पंजाबी कलीरे, आणि कपाळाला आपल्या मुंडावळ्या. मी विचारलं, ही बाई नेमकी कुणाच्या मांडवात चाललीय? कुणी हसलं नाही. चुडो मामाकडे भरतात, त्याचा वेगळा सोहळा असतो, हेही सांगून पाहिलं. 'लुक आहे' म्हणे.

तिथल्या सान सेबास्त्यांवच्या कपेलाजवळ, त्या छोट्या चर्चजवळ, आपण स्केचिंगला बसायचो ना, तिथे आता गाइड ते बांधल्याचं १८१८ साल ओरडून सांगत फिरतात आणि घराघरावर 'फोटो काढू नका'च्या पाट्या. बिचाऱ्यांनी खिडकी उघडली की समोर कुणाची तरी नवरी. शिवाय त्या भिंतीला खेटून मुलगी उभी केली की निळा गालावर चढतो, हळदीचं तोंड हिरवट दिसतं. पांढरा रिफ्लेक्टर धरून बघितला, हनुवटीखालचा निळा हटेना.

मला हवंय तुळशीचं लग्न. दिवाळी सरली की फोंड्याकडे वृंदावनं रंगवायला काढतात. तुझ्या आजीचं आठव: खाली जांभळा, कठड्याला पोपटी, मधे कुंकवाचा लाल पट्टा, आणि रंग उरला म्हणून पायरीसुद्धा! शेडकार्ड घेऊन बसलेला माणूस असं कधी करणार नाही. त्यासमोर पिवळी अष्टपुत्री साडी, हिरवा चुडा, डोक्यात अबोली. जाईची फुलं सुंदर, पण ऊन लागलं की मान टाकतात. अबोलीला वास नाही, पण टिकते. सकाळी नऊच्या आत एक खेप, चारनंतर दुसरी. मधल्या उन्हात पिवळा पांढराफटक पडतो, तेव्हा चिऱ्याच्या भिंतीच्या सावलीत जायचं. चिऱ्याचा तांबडा चेहऱ्यावर आला तर मला हवाच आहे.

आणि अबोलीशेजारी राणी रंग लावणार. कॉलेजात तू त्याला 'बसस्टँडवरची मिठाई' म्हणाली होतीस आणि आपण आल्तिनो टेकडीचा आख्खा उतार न बोलता उतरलो होतो. तू चुकली होतीस, अजूनही चुकतेस. परवा मासिकवाली फोनवर 'जरा जास्त होतंय ना' म्हणाली, मला थेट तुझा आवाज ऐकू आला आणि मी खिदळले. आता ती मला विक्षिप्त समजते.

पण झोप उडवणारी गोष्ट वेगळीच. अडून बसले तर काम दुसऱ्याकडे जाईल, हे त्यांनी गोड शब्दांत कळवलंय. घरचे म्हणतात, भिंत ती भिंत, पैसे घे. आणि समजा मासिकवाल्यांनी माझं म्हणणं मानलं, तरी सणाच्या दिवशी कुणाच्या अंगणात छत्र्या, दिवे, मेकअपवाली घेऊन घुसले तर मी त्या निळ्या भिंतीवाल्यांपेक्षा वेगळी कशी? आदल्या दिवशी जायचं, रंग सुकल्यावर, ऊस-आवळे-चिंचा आम्हीच न्यायच्या, असं ठरवते. मग वाटतं, घरची म्हातारी माणसं संकोचाने 'हो' म्हणतील आणि दिवसभर ओसरीवर अवघडून बसतील. त्यापेक्षा ती निळी भिंत निदान निर्लज्ज तरी आहे. बघ, माझं मलाच कळत नाही.

म्हणून तुमचंच अंगण हवंय. तिथे 'नको' म्हणायला कुणी लाजणार नाही. काकांना तू विचार. मी विचारलं तर आधी तो सांडलेल्या ऑइलपेंटचा डबा निघेल, आणि तो तुझ्या हातून सांडला होता हे ते मरेपर्यंत मान्य करणार नाहीत.

तुझ्या नव्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? पोरीची दहावी ना यंदा? बॉस अजून तोच?

बुधवारपर्यंत मला त्यांना हो-नाही कळवायचंय. त्याआधी फोन कर, मेसेज नको.

तुझीच,
वंदी

ता.क. राणी रंगाचं खणाचं ब्लाउजपीस तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस, तुझ्या कपाटाच्या फोटोत मागे दिसलं.