डक्टवाल्यांकडून आणि बीमवाल्यांकडून, मॅडमना

मॅडम, हे थँक्यू पर्सनल मेसेजमधे पाठवलं असतं तर तुम्ही एक अंगठा टाकून विषय संपवला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

कॅपस्टोनला, म्हणजे कोर्सच्या शेवटच्या मोठ्या प्रोजेक्टला, आम्ही एकाच बिल्डिंगवर काम करत होतो, पण खरं सांगायचं तर चार वेगळ्या बिल्डिंगा चालल्या होत्या. आर्किटेक्चर, स्ट्रक्चर, एसी-व्हेंटिलेशन, इलेक्ट्रिकल, ज्याची त्याची फाइल. सगळी मॉडेलं एकत्र केली आणि क्लॅश रिपोर्ट (कुठली वस्तू कुठल्या वस्तूत घुसते त्याची यादी) लाल झाला. मजल्याची उंची ३.६ मीटर, सीलिंग २.७ वर, म्हणजे मधे ९०० मिमी. त्यात स्लॅबसकट बीम ६००, इन्सुलेशनसकट डक्ट (एसीची हवा नेणारी पत्र्याची नळी) ४५०, लाइटला १००. बेरीज ११५०. मग काय, बीमवाला म्हणे डक्ट चपटा कर, डक्टवाली म्हणे बीमला भोक पाड, आणि आर्किटेक्ट म्हणे सीलिंगला कोणी हात लावायचा नाही.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. तुम्हाला ते माहीत होतं हे चेहऱ्यावर दिसत होतं, तरी नाही. उलट बीमवाल्याला डक्ट चपटा करायला बसवलंत आणि डक्टवालीला त्या बीमच्या शिअर (बीमला कापू बघणारा जोर) आणि मोमेंटच्या (वाकवू बघणारा) आकृत्या काढायला. तेव्हा राग आला होता, डेडलाइन तोंडावर आणि हे काय खेळ! पण ४५० बाय ४०० चा डक्ट ९०० बाय २०० केला तर क्षेत्रफळ तेवढंच राहतं आणि घेर १७०० वरून २२०० मिमी होतो, म्हणजे हवेचं घर्षण वाढतं, फॅनवरचा लोड वाढतो, हे त्याने स्वतः मांडलं आणि तोच गप्प झाला. आणि तिला भोक हवं होतं नेमकं कॉलमला लागून, कारण शाफ्ट (डक्ट-पाइप मजल्यांमधून वर-खाली जायची उभी जागा) तिथेच, आणि शिअर सगळ्यात जास्त असतो तोही तिथेच. तिनेच ते रद्द केलं.

त्यानंतर भांडण संपलं असं नाही, पण भांडणाची भाषा बदलली. मेन डक्ट खोल्यांतून काढून कॉरिडॉरमधे नेला, तिथला स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) छोटा म्हणून बीम ३५० चा, आणि कॉरिडॉरचं सीलिंग २.४ वर आणायला आर्किटेक्ट तयार झाला (चहा त्याच्याकडून नाही, आमच्याकडून गेला). ३५०, ४५०, १०० मिळून ९००, वर ३०० मिमी शिल्लक. त्या शिल्लक जागेवर परत मारामारी होणार होती, तेवढ्यात तुमचा क्रम आला: ड्रेनेजला आधी जागा द्या, त्याला उतार लागतो, तो वर चढू शकत नाही, मग डक्ट, मग प्रेशरचे पाइप, आणि केबल ट्रे शेवटी कारण तो कुठूनही वळतो. हे आम्ही स्टुडिओच्या भिंतीवर लिहून ठेवलंय.

आणि ती हयात रीजन्सीची गोष्ट. १९८१, कॅन्सस सिटी, हॉटेलातले टांगलेले वॉकवे (चालायचे पूल) कोसळून ११४ माणसं गेली. एका लांब रॉडच्या जागी दोन रॉड, बदल कागदावर किरकोळ, पण खालचा वॉकवे आता वरच्यालाच लटकला, म्हणून वरच्या वॉकवेच्या जोडावर लोड दुप्पट. तुम्ही लेक्चर नाही झोडलंत, फक्त रॉडच्या दोन आकृत्या फळ्यावर शेजारी शेजारी काढल्यात आणि विचारलंत की बदल कळवला म्हणजे काय केलं. त्या दिवसापासून आमच्या ग्रुपवर नुसतं "अपडेट केलंय" लिहायला बंदी आहे. काय बदललं, कुणाचं काम त्याने हलतं, आणि त्या माणसाने बघितलं का, हे लिहायचं.

बाकी रात्री उशिरा उचललेले फोन, ज्युरीच्या (परीक्षकांसमोरच्या सादरीकरणाच्या) आधी घेतलेली झाडाझडती, ते सगळं तुम्ही मोजत नाही म्हणून आम्हीही मोजत नाही. खूप खूप थँक्यू मॅडम.

आणि हो, पुढच्या बॅचला तुमचा नंबर दिलाय, न विचारता. त्याची आगाऊ माफी.

— तुमची चौकडी