फ्रान्सला निघताना जन्मदाखला आधी

महोदय,

सप्टेंबरच्या सत्रासाठी ल्यों, तुलूझला निघणारी मुले मसाल्यांची यादी आधी करतात, जन्मदाखला शेवटी आठवतो. तिथल्या आरोग्य विम्याच्या कायम क्रमांकासाठी तो लागतो. आपल्याकडच्या कित्येक जुन्या दाखल्यांवर बाळाचे नावच नसते. ते भारतातच नोंदवून दाखल्यावर अपोस्टील (तो परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून घ्यावे. फ्रेंच भाषांतर शपथबद्ध (न्यायालयमान्य) अनुवादकाचेच हवे.

खोलीसाठी घरमालक बहुधा फ्रान्समधला जामीनदार मागतो. 'व्हिजाल' ही सरकारमान्य हमी मोफत आहे, पण ती भाडेकरारावर सही करण्याआधी मिळवावी. खरी फसगत होते ती किल्ल्या घेताना. खोलीच्या स्थितीच्या नोंदपत्रावर घाईत सही होते आणि भिंतीवरचा जुना डाग जाताना आपल्या अनामतीतून वळता होतो. सुसज्ज खोलीची अनामत 2 महिन्यांच्या भाड्याइतकी असू शकते! गळका नळसुद्धा लिहावा, फोटो काढावेत. राहून गेलेले 10 दिवसांत लेखी कळवता येते. हीटरचे दोष कळवायला हिवाळ्यात हीटर सुरू होण्याच्या हंगामाचा पहिला महिना असतो.

दीर्घ मुदतीचा व्हिसा पोहोचल्यावर 3 महिन्यांत ऑनलाइन वैध करावा. आणि पत्रपेटीवर स्वतःचे नाव चिकटवावे. नाव नसले की पोस्टमन पाकीट परत नेतो, बँकेचे कार्ड बहुधा पोस्टानेच येते.

– एक वाचक, ल्यों