तुझा डी१५ सध्या तुझ्याकडेच राहू दे

नागपूर,
११ मे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझा नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर, तू मला निम्म्या किमतीत देतो म्हणालास, तेव्हापासून डोक्यात तोच विषय आहे. फोनवर तुला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र. तुला माहीत आहेच, दृष्टिहीन वाचकांसाठी मी जी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो, त्यांत मागचा आवाज मला अजिबात खपत नाही. पुस्तक ऐकणाऱ्या माणसापुढे छापलेलं पान नसतं, माझा आवाज हेच त्याचं पान. त्यावर घरघर असणं मला मान्य नाही.

आधी तुझ्या बाजूचं सगळं मांडतो. माझा सध्याचा कूलर, नॉक्टुआचाच एनएच-यू१२एस, एका मनोऱ्याचा, उष्णता वर वाहून नेणाऱ्या पाच नळ्यांचा (हीट पाइप), त्यावर १२० मिलीमीटरचा एक पंखा. तुझा डी१५ दोन मनोऱ्यांचा, सहा पाइपांचा, पंखे १४० मिलीमीटरचे. फिनांचं, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पत्र्यांचं, क्षेत्रफळ जास्त, म्हणून तेवढीच उष्णता तो कमी वेगावर बाहेर टाकतो. पंख्याचा वेग आणि आवाज यांचं नातं फार तीव्र आहे. वेग पावपट कमी केला तर आवाज साधारण ६ डेसिबलनी उतरतो, निम्मा केला तर १५ डेसिबलनी. त्यामुळे मोठा कूलर शांत असतो, हे तुझं म्हणणं शंभर टक्के खरं.

तो माझ्या केसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीत, बसेल का, हेही पाहिलं. उंची १६५ मिलीमीटर, ती मावते. पण माझ्या रॅमच्या पट्ट्या उंच आहेत आणि पुढच्या पंख्याखाली फक्त ३२ मिलीमीटर जागा उरते. पंखा वर सरकवला तर केसची बाजूची काच बसणार नाही. म्हणजे पुढचा पंखा काढून फक्त मधल्या पंख्यावर चालवावा लागेल. तसाही तो उत्तम चालतो, त्यामुळे एवढ्यावरून मी नकार दिला नसता.

आता माझी बाजू. रेकॉर्डिंग करताना माझा प्रोसेसर जवळजवळ बसूनच असतो. रायझन ७ ३७००एक्स, पूर्ण ताणावर ८८ वॅटपर्यंत जाणारा, पण आवाज टिपून घेण्यात त्याला काय काम? पंखा तेव्हा सातशे आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास फिरतो आणि माइक तोंडाजवळ असताना तो ऐकूही येत नाही. त्रास व्हायचा तो मध्येच वर चढून खाली येणाऱ्या आवाजाचा. रायझनचा एखादा कोअर क्षणभर वेग वाढवतो (बूस्ट), तापमान एकदम दहा-बारा अंशांनी उडी मारतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो. तोवर तापमान परत खाली आलेलं असतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन कुठल्या तापमानाला पंखा किती फिरावा हे ठरवणारा फॅन कर्व्ह ६५ अंशांपर्यंत सपाट केला, वेग वाढण्याआधी काही सेकंदांचा विलंब ठेवला, आणि ते चढउतार गेले. एक रुपयाही लागला नाही. तुझ्या मशीनवरही करून बघ, डी१५ असला तरी.

तरीही मागे काहीतरी उरत होतं. ऑडिओबुकवाल्या कंपन्या शांत जागेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली मागतात. खोलीतले पंखे आणि वाळ्याचा कूलर बंद करून पहाटे बसलो तर मी तिथे कसाबसा पोचतो. मग मी नुसत्या शांततेचं रेकॉर्डिंग करून त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या सुरावर किती आवाज आहे याचा आलेख, उघडला. १२० हर्ट्झवर एक बारीक, सरळ रेघ! आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण ५० आणि १०० वर दिसते, १२० वर नाही. पंखाही नाही. त्याला सात पाती आहेत, ७२० आरपीएमला म्हणजे सेकंदाला बारा फेऱ्यांना त्याचा सूर ८४ वर पडतो आणि वेग बदलला की सरकतो. ही रेघ जागची हलत नव्हती. माझी हार्ड डिस्क ७२०० आरपीएमला फिरते. ७२०० ला ६० ने भाग. १२०. ती हार्ड डिस्क आहे, सुहास. डिस्कची वायर काढून पुन्हा रेकॉर्ड केलं, रेघ नाही.

किती आनंद झाला ते लिहून सांगता येत नाही. इतके दिवस मी पंख्यावर संशय घेत होतो, पण डिस्कचं कंपन केसच्या पत्र्यातून टेबलात आणि टेबलातून माइकच्या स्टँडमध्ये उतरत होतं. फिल्टर लावून ते काढताही येत नाही, कारण माझा आवाज खर्जातला, त्याचा मूळ सूर नेमका तिथेच घुटमळतो. १२० कापलं की माझाच आवाज पोकळ होतो. डिस्क फोमवर ठेवून पाहिली, फरक पडला. पण फोम उष्णता अडवतो, आणि डिस्कची मर्यादा साधारण ६० अंशांची. आपल्या मे महिन्यात असा खेळ मी करणार नाही.

मे महिन्याचं निघालंच आहे तर सांगतो. प्रोसेसरवरचा असा कुठलाही कूलर खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही, तो फक्त त्याच्यावरचा फरक कमी करतो. परीक्षणं होतात वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत. इथे वाळ्याचा कूलर बंद केला की दुपारी माझी खोली अडतीसवर जाते. हे पंधरा अंश डी१५ सुद्धा परत आणून देणार नाही. शिवाय माझ्या प्रोसेसरची उष्णता निघते ती अवघ्या ७४ चौरस मिलीमीटरच्या तुकड्यातून. अडचण तिथेच आहे, वरच्या फिनांमध्ये कमी. म्हणून एवढ्या वॅटवर दोन कूलरांतला फरक थोड्याच अंशांचा राहतो.

एकच गोष्ट मला खरंच तुझ्या बाजूला ओढत होती. बाबा दुपारी याच खोलीत झोपतात, आणि मी प्रकरणं साफ करून एक्स्पोर्ट करतो तेव्हा पंखा बाराशेच्या वर जातो. ते काही बोलत नाहीत, पण कूस बदलतात. त्यावर उपाय म्हणून प्रोसेसर कमी वीज खाणाऱ्या इको मोडवर टाकला, मर्यादा ८८ वॅटवरून ६० च्या आसपास आली. एक्स्पोर्टला किंचित जास्त वेळ लागतो, त्याची मला मुळीच घाई नाही. पंखा हजाराच्या खाली राहतो.

तेव्हा ठरलं ते असं. तुझ्या डी१५ चे पैसे मी एक टीबीच्या एसएसडीत घालतो, तिच्यात फिरणारं काही नसतं. एकाच माइकचं २४ बिटचं रेकॉर्डिंग तासाला अर्ध्या जीबीच्या आत बसतं, म्हणजे एवढी जागा मला कित्येक पुस्तकं पुरेल. जुनी डिस्क कपाटात, महिन्यातून एकदा बॅकअपसाठी बाहेर काढायची. पुढे कधी १०५ वॅटचा प्रोसेसर घेतला, तर डी१५ साठी पहिला फोन तुलाच करीन. पण माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. तुझा भाचा ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रात्रभर रेंडर लावतो म्हणालास ना? त्याच्या मशीनला तो खरा लागेल. देताना जोडणीच्या सगळ्या पट्ट्या, स्क्रू आणि खरेदीचं बिल सोबत दे. पुढे प्रोसेसर बसवायचा सॉकेट बदलला तर बिल दाखवून नॉक्टुआ नवी जोडणी बहुधा फुकट देते.

मेलवर दोन फायली पाठवल्या आहेत, एक डिस्क चालू असतानाची, एक बंद असतानाची. तुझे चांगले हेडफोन लावून ऐक आणि दुसरीत अजून काही ऐकू येतं का ते कळव. तुझे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
अनिल