सूचना : गुरुवारची सभासद सभा

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गुरुवारी पहिली पाळी सुटल्यावर दुपारी 3.30 वाजता सायकल स्टँडमागच्या शेडमध्ये सभा आहे. दुसऱ्या पाळीवाल्यांनी आपले म्हणणे बुधवारपर्यंत लेखी द्यावे.

विषय एकच. खर्चकपातीच्या नावाखाली बंद झालेला रात्रपाळी भत्ता, आणि त्यावर आपल्याच युनियनची चुप्पी. वर्गणी मात्र पगारातून बिनचूक कापली जाते. कमिटी म्हणते, बोलणी चालू आहेत. कुणाशी, कशावर, याची एक ओळही नोटीस बोर्डावर नाही.

भत्त्यात बदल करायचा तर मालकाला 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9अ पासून हे चालत आले आहे. तशी नोटीस युनियनला मिळाली होती का, आणि मिळाली असेल तर हरकत का घेतली नाही, हे सरचिटणीसांना विचारायचे आहे. हिशेबवह्या पाहण्याचा हक्क सभासदाला कायद्यानेच आहे. त्याही आणाव्यात, असे पत्र दिले आहे.

काहीजण राजीनाम्याचे छापील फॉर्म वाटत आहेत. राग समजतो, पण सभेआधी सही करू नये. बाहेर पडलेल्याला सभेत मत नाही. मागच्या दोन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या सोबत आणाव्यात.

— विभाग प्रतिनिधी