सोन्याचं श्रेय कोणाला?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंगातलं प्रत्येक मूलद्रव्य अतिनवताऱ्याच्या (सुपरनोव्हा, म्हणजे आयुष्याच्या शेवटी फुटणाऱ्या ताऱ्याच्या) स्फोटात जन्मलं, असं तू मोठ्या उत्साहाने लिहिलंस. वाक्य झकास आहे, पण जेमतेम निम्मं खरं आहे. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

‘प्रत्येक’ तर लगेच गळतं. अंगातले निम्म्याहून जास्त अणू हायड्रोजनचे आहेत आणि तो विश्वाच्या आरंभीचा, कुठल्याही ताऱ्याच्या आधीचा. ऑक्सिजन मात्र खरोखर जड ताऱ्यांची देणगी आहे, फक्त तो स्फोटात बनत नाही. सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड तारा तो आयुष्यभर पोटात शिजवत असतो. स्फोट त्याला बाहेर उधळतो, इतकंच. कार्बन आणि नायट्रोजनचा मोठा वाटा तर मध्यम वजनाच्या, कधीच न फुटणाऱ्या ताऱ्यांकडून येतो. म्हातारपणी ते आपले बाहेरचे थर हळूहळू सोडून देतात. पण त्यात धडाका नाही ना, म्हणून त्यांचं नाव कोणी घेत नाही!

जड ताऱ्याची शेवटची घाई पाहण्यासारखी असते. पंचवीस सूर्यांएवढा तारा हायड्रोजनवर सुमारे सत्तर लाख वर्षं काढतो. कार्बन काही शतकं पुरतो, ऑक्सिजन काही महिने, सिलिकॉन एखादा दिवस. कारण गाभा इतका तापतो, की तिथे तयार होणारे न्यूट्रिनो (कशातूनही जवळजवळ न अडता जाणारे अतिसूक्ष्म कण) ऊर्जा घेऊन थेट बाहेर पळतात, आणि ती गळती भरून काढायला तारा इंधन भसाभस जाळतो. लोखंडापाशी सगळं थांबतं. त्याची केंद्रकं एकमेकांत जुळून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. मग गाभा सेकंदाच्या आत कोसळतो.

हे सगळं कागदावरचं गणित, असं तू म्हणशील. म्हणून १९८७ कडे येतो. २३ फेब्रुवारीला जवळच्या एका छोट्या दीर्घिकेत, मोठ्या मॅगेलनी मेघात, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर एक तारा फुटला. त्याचा प्रकाश पोचायच्या दोन-तीन तास आधी जपान, अमेरिका आणि रशियातल्या जमिनीखालच्या उपकरणांनी मिळून जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो पकडले. त्या मूठभर कणांवरून कळलं, की स्फोटाची जवळजवळ सगळी ऊर्जा न्यूट्रिनोच नेतात. डोळ्यांना दिसणारा लखलखाट हा त्यातला किरकोळ हिस्सा. गाभा कोसळतो हे त्या दिवशी सिद्ध झालं.

मला त्याहून आवडतो तो पुढचा भाग. काही महिन्यांनी त्या ताऱ्याचं तेज ओसरू लागलं, आणि ओसरण्याचा वेग कोबाल्ट-५६ या किरणोत्सारी कोबाल्टच्या ऱ्हासाशी तंतोतंत जुळला. दर ७७ दिवसांनी निम्मं. स्फोटात किरणोत्सारी निकेल बनलं होतं. त्याचं काही दिवसांत कोबाल्ट झालं आणि कोबाल्टचं हळूहळू लोखंड. उपग्रहांनी कोबाल्टचे ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरणही टिपले. म्हणजे लोखंड तयार होताना माणसाने प्रत्यक्ष पाहिलं. किती? सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे ७ टक्के, म्हणजे वीस हजारांहून जास्त पृथ्व्यांएवढं.

आणि याच ताऱ्याने तज्ज्ञांचे कानही उपटले. असे तारे तांबडे महाराक्षस, म्हणजे प्रचंड फुगलेले लाल तारे, होऊन फुटतात, असा समज होता. जुन्या छायाचित्रांत शोधलं तर फुटलेला तारा निळा निघाला! आधी दोन तारे एकमेकांत विलीन झाले असावेत, असं आता बरेच जण मानतात. एकट्या ताऱ्याच्या आयुष्याचं गणित सगळीकडे चालत नाही, हे तेव्हा कळलं.

तरीही तुझ्या रक्तातल्या लोखंडाचं श्रेय बहुतांशी अशा स्फोटांना जात नाही. ते जातं श्वेतबटूंना, म्हणजे सूर्यासारखे तारे विझल्यावर मागे उरणाऱ्या घट्ट गाभ्यांना. जोडीदाराकडून वस्तुमान ओढून किंवा त्याच्याशी टक्कर होऊन श्वेतबटू संपूर्ण पेटतो, मागे सहसा काहीच उरत नाही. अशा एका स्फोटात अर्ध्या सूर्याएवढं निकेल सहज बनतं.

राहिलं सोनं. १९५७ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉइल (आपल्या नारळीकरांचे गुरू) यांनी मांडलं, की इतकी जड केंद्रकं बनायला न्यूट्रॉनचा प्रचंड आणि झटपट भडिमार हवा. ती जागा अतिनवताराच, असं बराच काळ धरून चाललं होतं. पण नेहमीच्या स्फोटांत तितके न्यूट्रॉन जमवणं गणिताला अवघड जातं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे तरंग) सापडल्या, आणि पाठोपाठ आलेल्या प्रकाशात नव्याने बनलेल्या जड मूलद्रव्यांच्या खुणा दिसल्या. न्यूट्रॉन तारे हे जुन्या स्फोटांचेच अतिघट्ट अवशेष, तेव्हा तुला अर्धा गुण देतो. फक्त टकरींनी सगळा हिशोब भागतो का, यावर अजून वाद आहे. काही दुर्मीळ प्रकारचे स्फोटही भर घालत असतील.

१६०४ नंतर आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना निर्विवाद दिसलेला एकही अतिनवतारा नाही. पुढचा फुटला तर जपानच्या सुपर-कामिओकांडे या जमिनीखालच्या न्यूट्रिनो-उपकरणाला हजारो न्यूट्रिनो मिळतील, आणि खगोलप्रेमींना प्रकाशाआधीच इशारा जाण्याची सोय केलेली आहे. इशारा मिळणाऱ्यांच्या यादीत मी नाव घातलंय, तूही घाल. आणि श्वेतबटूंबद्दल पटलं नसेल तर सविस्तर लिही; एका ओळीचं उत्तर चालणार नाही.

तुझा,
जुना वादपटू मित्र