रॉबर्टच्या वडिलांचे नाव इतके ठामपणे कसे छापले?

महोदय,

फ्रान्सच्या कापे राजघराण्यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडला. मात्र सोबतच्या वंशवृक्षात मूळपुरुष रॉबर्ट द स्ट्राँग याच्या वडिलांचे नाव निर्विवाद असल्यासारखे छापले आहे, ते पटत नाही. ९८७ मध्ये राजा झालेल्या ह्यू कापेचा हा पणजोबा ८६६ मध्ये फ्रान्समधील ब्रिसार्त येथे नॉर्समनांशी (व्हायकिंग हल्लेखोरांशी) लढताना मारला गेला. उकाड्यामुळे शिरस्त्राण आणि चिलखत उतरवलेले असताना चर्चमध्ये कोंडलेले शत्रू अचानक बाहेर पडले आणि हा तसाच त्यांच्यावर धावून गेला, इतका बारीक तपशील प्र्यूमचा मठाधिपती रेगिनो देतो. पण वडील कोण, हे समकालीन साधने सांगत नाहीत.

दहाव्या शतकाच्या अखेरीस रिशे या इतिहासकाराने विटिखिन नावाच्या जर्मनीतून आलेल्या उपऱ्याला रॉबर्टचा पिता ठरवले. आजचे अनेक अभ्यासक त्याऐवजी जर्मनीतील वर्म्सच्या काउंट (सरदार) रॉबर्टकडे बोट दाखवतात, कारण ७६४ मध्ये लॉर्शचा मठ स्थापन करणाऱ्या विलिसविंदा आणि तिचा मुलगा कांकोर यांच्या, म्हणजे याच काउंटच्या, घराण्यात ‘रॉबर्ट’ हे नाव पुन्हापुन्हा येते. बाराव्या शतकातील नकलांमधून टिकलेल्या त्या मठाच्या दानपत्रांमुळेच हे घराणे आपल्याला कळते. मलाही हाच तर्क अधिक सबळ वाटतो. तरीही नावांच्या पुनरावृत्तीवरून नाते सुचते, सिद्ध होत नाही, आणि वाचकाला हा फरक कळायलाच हवा.

लेखाच्या पुढील भागात वंशवृक्ष पुन्हा छापणार असाल, तर त्यातील पहिली रेघ कृपया तुटक दाखवावी.

— एक वाचक, पुणे