डिस्ने वर्ल्डच्या पायाखालचे पाणी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. मुलांकडे अमेरिकेत जाणारे मराठी आजी-आजोबा आता थोडेथोडके नाहीत आणि त्यांतले पुष्कळजण नातवंडांबरोबर ऑर्लँडोची वारी करतातच, त्यामुळे असा लेख उपयोगाचा आहे. मात्र वॉल्ट डिस्ने यांनी १९७१ मध्ये या उद्यानाचे उद्घाटन केले, असे त्यात म्हटले आहे ते चुकीचे आहे. वॉल्ट डिस्ने यांचे निधन १५ डिसेंबर १९६६ रोजी झाले. उद्यान उघडले १ ऑक्टोबर १९७१ रोजी, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला त्याचे औपचारिक लोकार्पण केले ते वॉल्ट यांचे थोरले बंधू रॉय डिस्ने यांनी. चूक नुसत्या तारखेची असती तर मी लेखणी उचलली नसती. पण या स्थळाचा इतिहास एका माणसाच्या स्वप्नाची गोष्ट म्हणून सांगण्याची सवय सर्वांनाच लागली आहे, तीतून अशा चुका होतात आणि ज्या कामावर हे सारे उभे आहे ते काम वाचकापर्यंत पोहोचतच नाही. ते काम म्हणजे पाण्याचा निचरा.

मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षे कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींमध्ये चर खणून पाणी बाहेर काढण्याच्या कामात गेली. काही वर्षांपूर्वी लेकीच्या कुटुंबाबरोबर मी डिस्ने वर्ल्डला गेलो, तेव्हा नात बसच्या खिडकीतून राजवाड्याचे मनोरे शोधत होती आणि माझी नजर रस्त्याच्या कडेच्या कालव्यावर खिळली होती. कालवा वळणे घेत चालला होता, काठाला झाडी होती, आणि पाण्याची पातळी काठापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर होती. ज्याने आयुष्यभर पाणी मोजले आहे त्याला एवढ्यावरून कळते की हे आपोआप झालेले नाही. परत आल्यावर जे मिळेल ते वाचून काढले. त्यातले काही आपल्या वाचकांसमोर ठेवावेसे वाटते.

सुरुवात कॅलिफोर्नियातून होते. १७ जुलै १९५५ रोजी ॲनाहाइम येथे संत्र्यांच्या बागा तोडून मोकळ्या केलेल्या १६० एकर जागेवर डिस्नेलँड उघडले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. पण कुंपणाबाहेरची जमीन दुसऱ्यांची होती. तिथे बघता बघता स्वस्त मोटेली आणि भडक पाट्यांची दुकाने दाटली, आणि उद्यानामुळे येणाऱ्या पैशाचा मोठा वाटा त्या शेजाऱ्यांकडे जाऊ लागला. वॉल्ट यांना हे फार लागले. पुढच्या जागेचा विचार करताना त्यांनी सर्वांत आधी जमीन मागितली ती या अनुभवामुळे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांनी मध्य फ्लोरिडावरून विमानाने फेरी मारली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली तो हाच दिवस. ऑर्लँडोजवळ दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदणार होते, जवळच विमानतळ होता, आणि नैर्ऋत्येला पसरली होती सायप्रसची झाडे व पाणथळ यांनी भरलेली, शेतीला फारशी न मानवणारी जमीन.

ती जमीन कशी घेतली गेली हा भाग मला आजही अस्वस्थ करतो. डिस्ने हे नाव पुढे येऊ न देता वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढल्या गेल्या. त्यांतल्या एकीचे नाव ‘आयफोर’ होते, ते तिथल्या आय-४ महामार्गावरून घेतलेले. कंपनीचे वकील खोटे आडनाव सांगून फिरत. पूर्वी कधीतरी या दलदलीचे पाच-पाच एकरांचे तुकडे पाडून टपालाने दूरदूरच्या लोकांना विकले होते. त्या मालकांना शोधून एकेक तुकडा परत घ्यावा लागला. बऱ्याचशा जमिनीखालच्या खनिजांचे हक्क टफ्ट्स विद्यापीठाकडे होते, तेही विकत घेण्यात आले. अशा रीतीने सुमारे २७,४०० एकर, म्हणजे ११० चौरस किलोमीटर जागा अवघ्या ५० लाख डॉलरांहून थोड्या अधिक रकमेत कंपनीच्या हाती आली. ऑक्टोबर १९६५ मध्ये ऑर्लँडोच्या स्थानिक वृत्तपत्राने खरेदीदाराचे नाव फोडले, १५ नोव्हेंबरला राज्यपालांच्या उपस्थितीत अधिकृत घोषणा झाली आणि भोवतालच्या जमिनीचे भाव गगनाला भिडले. ज्यांनी आधी विकली त्यांची फसवणूक झाली असे कायद्याच्या भाषेत म्हणता येणार नाही, पण कोण घेत आहे हे कळले असते तर त्यांनी त्या भावाने विकली नसती हेही तितकेच खरे आहे.

या जागेवर कंपनीने जी पहिली शासकीय यंत्रणा उभी केली, तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. राजवाड्याचा पाया घालण्याच्या कितीतरी आधी, मे १९६६ मध्ये, फ्लोरिडाच्या जुन्या कायद्याचा आधार घेऊन तिथे ‘रीडी क्रीक ड्रेनेज डिस्ट्रिक्ट’ स्थापन झाला. रीडी क्रीक हा या जागेतून वाहणारा ओढा. हा शब्दशः निचरा जिल्हा होता आणि त्याला कालवे व बांध बांधण्याचा अधिकार होता. एका वर्षाने, मे १९६७ मध्ये, विधिमंडळाने त्याच पायावर ‘रीडी क्रीक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट’ निर्माण केला. त्याला स्वतःचे बांधकाम नियम, अग्निशमन दल, वीज, पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि रोखे काढून पैसा उभा करण्याचा हक्क एवढे सगळे मिळाले.

निचऱ्याच्या कामाची धुरा होती जो पॉटर यांच्याकडे. ते अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलातील निवृत्त मेजर जनरल, पनामा कालवा क्षेत्राचे माजी गव्हर्नर. अशा माणसाला या कामी का निवडले हे जागा पाहिली की उमगते. भूजल जमिनीच्या अगदी पृष्ठभागाशी, पावसाळ्यात सगळीकडे डबके, कोरड्या ऋतूत वणव्याचा धोका. सरसकट पाणी उपसून टाकावे तर झाडे मरतात आणि दलदलीतली सेंद्रिय माती वाळून खचते. उपसू नये तर इमारत उभी राहत नाही. म्हणून तिथे पाणी हाकलण्याऐवजी पातळी राखण्याचे धोरण ठरले. ४० मैलांहून अधिक लांबीचे कालवे खणले, बांध घातले, आणि जागोजागी तरंगत्या दरवाजांची योजना केली. पाणी ठरावीक उंचीच्या वर चढले की दरवाजा पाण्याच्याच जोरावर उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. रात्री-अपरात्री विजेरी घेऊन दरवाजा उचलायला धावलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

कालव्यांच्या वळणांचाही खुलासा झाला. पाण्याला सरळ चर सर्वांत सोयीचा आणि स्वस्त, पण तो ओढ्यासारखा दिसत नाही म्हणून कंपनीच्या कलावंतांनी वळणे मागितली आणि अभियंत्यांनी ती दिली. याच पाणलोटात खाली, त्याच काळात, नेमके उलटे घडत होते. रीडी क्रीकचे पाणी ज्या किसिमी नदीच्या खोऱ्यात उतरते, ती १०३ मैलांची नागमोडी नदी लष्कराच्या अभियंता दलाने १९६२ ते १९७१ या काळात पूरनियंत्रणासाठी ५६ मैलांचा सरळ कालवा करून टाकली. पूरमैदाने कोरडी पडली, पक्षी गेले, आणि १९९९ पासून पुढची वीसेक वर्षे त्याच दलाला नदीचा काही भाग पुन्हा वळणावर आणण्यासाठी खपावे लागले. डिस्नेची वळणे शोभेसाठी होती, हे मी जाणतो. तरीही दोन्ही कामे शेजारीशेजारी ठेवून पाहावीत असे मला वाटते.

मॅजिक किंगडम, म्हणजे १९७१ मध्ये उघडलेले पहिले उद्यान, त्याच्या बांधणीतही पाण्याचाच हुकूम चालला. शेजारचा बे लेक हा नैसर्गिक तलाव उपसून तळाचा गाळ काढला, तेव्हा खाली पांढरी वाळू सापडली. तीच आज किनाऱ्यावर दिसते. त्याला लागून सेव्हन सीज लगून हे नवे तळे खणले आणि निघालेली माती उद्यानाच्या भरावाला वापरली. वॉल्ट यांना कॅलिफोर्नियात एक गोष्ट खटकत असे: जुन्या पश्चिमेतल्या गुराख्याच्या वेशातला कर्मचारी भविष्यकाळाच्या विभागातून चालत जाताना दिसे. त्यासाठी फ्लोरिडात कर्मचारी, माल आणि कचरा यांच्यासाठी वेगळे भुयारी मार्ग हवे होते. पण एवढ्या वर भूजल असताना भुयार खणणार कसे? म्हणून ते मार्ग मूळ जमिनीवरच बांधले, त्यांच्याभोवती भराव टाकला आणि उद्यान त्यांच्या डोक्यावर रचले. पर्यटक ज्याला जमीन समजून चालतात तो खरा दुसरा मजला आहे.

वॉल्ट गेले तेव्हा रॉय ७३ वर्षांचे होते आणि निवृत्तीच्या बेतात होते. धाकट्या भावाने कल्पना मांडायच्या आणि थोरल्याने पैशाची जुळवाजुळव करायची, असा दोघांचा जन्मभराचा संसार. रॉय यांनी निवृत्ती बाजूला ठेवली, प्रकल्प तडीस नेला आणि डिस्ने वर्ल्ड या नावाआधी ‘वॉल्ट’ हा शब्द लागलाच पाहिजे असा आग्रह धरून तो लावून घेतला. २० डिसेंबर १९७१ रोजी, उद्यान उघडून तीन महिनेही झाले नसताना, तेही गेले. आपल्या लेखात त्यांचे नाव एकदाही आलेले नाही.

पुढचा विस्तार लेखात आलाच आहे, म्हणून थोडक्यात. वॉल्ट यांना खरे हवे होते ते २०,००० लोकवस्तीचे आदर्श शहर, एपकॉट. ते शहर झाले नाही. १ ऑक्टोबर १९८२ रोजी त्या नावाने उघडले ते एक कायमस्वरूपी प्रदर्शन, ज्यात राहणारे कुणीच नाही. १९८९ मध्ये चित्रपटांचे उद्यान आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम आले. त्यातले ‘आनंदपूर’ हे कल्पित गाव आपल्या मंडळींना ओळखीचे वाटते. १९९० च्या दशकात पुढील बांधकामात बुजणाऱ्या पाणथळीची भरपाई म्हणून कंपनीने दक्षिणेकडे हजारो एकरांचे एक जुने गुरांचे रान विकत घेऊन संवर्धनासाठी दिले. ही भरपाई कायद्याने करावी लागली, तरी ती एकेका डबक्याच्या बदल्यात दुसरे डबके अशी न करता सलग मोठ्या क्षेत्रावर केली, याला मी चांगले काम म्हणेन.

निचरा जिल्ह्याचे काय झाले, हेही सांगायला हवे. ज्या शहराचे कारण देऊन अधिकार मागितले ते शहर झाले नाही, अधिकार मात्र अर्धशतकाहून अधिक काळ कंपनीकडे राहिले, ही टीका मला रास्त वाटते. परंतु २०२२ मध्ये राज्य सरकारने तो जिल्हा मोडायला घेतला तो या टीकेसाठी नव्हे, तर शाळांविषयीच्या एका कायद्याला कंपनीने विरोध केल्याच्या रागातून. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचे नाव बदलले, मंडळ राज्यपालांच्या नेमणुकीचे झाले, खटले उभे राहिले आणि मार्च २०२४ मध्ये त्यांत तडजोड झाली. कालव्यांची देखभाल आज त्याच नव्या मंडळाकडे आहे.

तरी पुरवणीच्या पुढील अंकात उद्घाटनाविषयीची दुरुस्ती रॉय डिस्ने यांच्या नावासह छापावी, ही विनंती. लेखासोबत दिलेल्या नकाशात कालवे दाखवलेले नाहीत. तो नकाशा पुन्हा कधी छापलात तर तेही दाखवावेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त पाटबंधारे अभियंता, सांगली